चाळीस सेकंदांचा साकेत

दिनांक ९ सप्टेंबर २०२४, सोमवार. रक्कम रुपये १०,८००.

ही रक्कम सुहासिनी मोहरील यांच्याकडून वसूल करावी, असं त्या दिवशी नेर पंचायत समितीच्या आमच्या कार्यालयात आलेल्या एका अर्जात म्हटलं होतं. मोहरील मॅडम नेरजवळच्या खेड्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षिका. त्यांचा एकुलता एक मुलगा साकेत तेव्हा अकरा वर्षांचा होता. तो ऑटिझम असलेला, म्हणजे स्वमग्न आहे, असं सरकारी प्रमाणपत्र त्यांनी दिलेलं होतं, आणि दिव्यांग मुलाची आई म्हणून मे २०२० पासून त्यांच्या पगारातून व्यवसाय कर कापला जात नव्हता. बावन्न महिन्यांचा हिशेब अर्जदाराने अचूक मांडला होता. हा कर फेब्रुवारीत दोनशेऐवजी तीनशे असतो, हेही त्याला ठाऊक होतं. अर्जाखाली नाव नव्हतं, ‘एक जागरूक नागरिक’ एवढंच होतं. पण फेब्रुवारीचे तीनशे बाहेरच्या माणसाला सहसा माहीत नसतात.

कराची रक्कम तशी किरकोळ होती. अर्जातला दुसरा मुद्दा मोठा होता. त्याच प्रमाणपत्रावर मॅडमना बदलीत सूट मिळाली होती. त्या नेरलाच राहिल्या आणि त्याच फेरीत रुपाली नावाच्या दुसऱ्या शिक्षिका पार मारेगावला गेल्या. प्रमाणपत्र खोटं ठरलं असतं तर मॅडमना मारेगाव गाठावं लागलं असतं. साकेतची थेरपी आठवड्यातून दोनदा यवतमाळला. मॅडम शाळेत असताना त्याला सांभाळणारी शेजारीण सुग्राबी नेरची. मॅडमचा नवरा बियाण्याच्या कंपनीत, सोमवारी जायचा तो शनिवारी परत यायचा. आणि नवं घर, नवा माणूस साकेतला सोसत नाही. मागे घराला नुसता नवा रंग दिला, तर तो कित्येक दिवस बाहेरच्या पायरीवर झोपला होता, असं शेजारी सांगत.

अर्जासोबत चाळीस सेकंदांचा व्हिडीओ जोडला होता. तान्ह्या पोळ्याचा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे लहान मुलं लाकडाचे नंदीबैल सजवून आणतात, त्यांची स्पर्धा होते, बक्षिसं वाटतात. त्या व्हिडीओत साकेत फेटा बांधून मंचावर उभा होता आणि माइकवर झडती म्हणत होता. झडती म्हणजे पोळ्यात बैलांच्या तोरणापाशी म्हणायच्या टोमण्याच्या ओळी.

‘बैलाच्या शिंगाले लाविला रंग, सरपंच मिटिंगीत झोपीत दंग, नळाले पानी नाई, टाकीचे ढंग.’

आवाज खणखणीत, एक शब्द चुकला नाही. लोक हसत होते, टाळ्या वाजवत होते. अर्जात पुढे लिहिलं होतं: ‘सदर शिक्षिका गावोगाव सभा घेऊन माझा मुलगा कुणापेक्षा कमी नाही असे सांगतात. कमी नसेल तर सवलत कशाची?’

आमच्या साहेबांनी प्राथमिक चौकशी माझ्याकडे दिली. मी तिथे सहायक लेखाधिकारी. साहेब म्हणाले, “बोगस प्रमाणपत्रांची तपासणी वरूनच सुरू आहे. तुम्ही बघा. तुम्ही आकडेवाले आहात, रडारडीला तुम्ही भुलत नाही.”

खरं सांगायचं तर व्हिडीओ पाहून मला अर्जदाराचं म्हणणं पटलं होतं. मोहरील मॅडमना मी ओळखत होतो, म्हणजे ऐकून होतो. रविवारी शाळेच्या ओसरीत त्या अशा मुलांच्या आयांना जमवत. हळदीकुंकवाला गेल्या तरी तिथे ऑटिझमचा विषय काढत. लग्नात मुलाला कोपऱ्यात बसवत नसत, पंगतीत मध्ये बसवत. लोक पाठीमागे म्हणत की बाईला पुढारी व्हायचं आहे. मुलाचे हातपाय धड, डोळे चांगले, आणि आता तर तोंडही चालतं. असं मूल दाखवून कितीजणांनी किती सवलती उचलल्या, ते मी नोकरीत पाहिलं होतं.

मी न कळवता त्यांच्या घरी गेलो. दार सुग्राबीने उघडलं. साठीची बाई, गळ्यात कपड्यांचं माप घ्यायची टेप.

“मीटरवाले का? मीटर भाईर हाय.”

“पंचायत समितीतून आलो. मॅडम आहेत?”

“मॅडम शाळेत हायत. पंचायत समितीतून आले अन् तुमाले हेच मालूम नाही?”

“मुलाला बघायचं होतं.”

“काहून? पोरगा का सर्कस हाय?”

शेवटी तिने मला खुर्ची दिली, पण स्वतः दारातून हलली नाही. साकेत जमिनीवर बसून तिच्या शिलाई मशीनचं दोऱ्याचं रीळ फिरवत होता. मी विचारलं, “तुझं नाव काय?”

“तुझं नाव काय,” तो म्हणाला. अगदी माझ्या आवाजात, माझ्याच ठसक्यात.

“कितवीत आहेस?”

“कितवीत आहेस.”

मला वाटलं पोरगं चावट आहे, पढवून ठेवलंय. सुग्राबी म्हणाली, “तो कोनाचं काही ठेवून नाही घेत साहेब. जे देसान ते वापस.”

“मग झडती एवढी लांब कशी म्हणतो?”

“भोंग्यावर आयकली आठ दिवस. झडती तं माह्या रेडिओवर बी वाजते. रेडिओले पानी मांगता येते का?”

मला तेही पढवलेलंच वाटलं. तेवढ्यात मॅडम शाळेतून आल्या. पन्नाशीकडे झुकलेल्या, उंच, खांद्याला जड पिशवी. मी अर्जाची प्रत पुढे केली. त्यांनी उभ्या उभ्या वाचली, घडी घातली आणि परत दिली.

“चहा घेता?”

“चौकशीत मी चहा घेत नाही.”

“बरं करता. नाहीतर पुढच्या अर्जात तोही आला असता.”

मी विचारलं, हा व्हिडीओ कुणी काढला. बसस्थानकाजवळच्या मोबाइलच्या दुकानातल्या आमिरने, त्या म्हणाल्या, आणि त्यांनी तो आयांच्या ग्रुपवर टाकला. तिथून तो कुठे कुठे गेला, देव जाणे.

“चाळीसच सेकंद होता?”

“नाही. जास्त होता. मी कापला.”

“पुढे काय होतं?”

“पुढे तो थांबलाच नाही. तीच झडती पुन्हा पुन्हा. शेवटी कुणीतरी माइक ओढून घेतला, तेव्हा त्याने स्वतःचा हात चावला. रक्त आलं.”

“ते मूळ चित्रण दाखवा.”

“पुसून टाकलं.”

“का?”

“तुमच्या घरच्या लग्नाचा व्हिडीओ तुम्ही कापला नव्हता का? रुसवेफुगवे ठेवले होते त्यात?” त्या मुलाजवळ खाली बसल्या. “आया घाबरलेल्या असतात. त्यांना एक चांगलं दाखवायचं होतं. बाकीचं त्या घरी रोज बघतात.”

उत्तर चांगलं होतं. चांगल्या उत्तराने माझी शंका उलट वाढली, कारण मूळ चित्रण हा एकच पुरावा होता आणि तोच नेमका नव्हता. निघताना त्या म्हणाल्या, “रुपालीने पाठवलंय ना तुम्हाला?”

“मला साहेबांनी पाठवलंय.”

“साहेबांना कुणी सांगितलं ते विचारतेय.” मी काही बोललो नाही, आणि माझ्या न बोलण्याचा त्यांनी त्यांना हवा तो अर्थ घेतला असणार.

मी तसाच आमिरच्या दुकानात गेलो आणि मूळ चित्रण मागितलं. त्याने मान वर न करता सांगितलं, “नाही ना काका. फोन रिसेट मारला.”

“कधी?”

“गनपतीत.”

“अर्ज आला तेव्हाच? काहून बरं?”

“मेमरी फुल झालती. तुमी बी मारून पाहा एकदा, हलकं वाटते.”

गल्ल्यावरचे दोघे हसले. मी बाहेर आलो. सगळे मिळून मॅडमना वाचवताहेत, अशी माझी त्या दिवशी खात्रीच झाली.

ऑक्टोबरच्या शेवटी फेरतपासणीचं पत्र आलं. साकेतला यवतमाळच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टरांपुढे न्यायचं होतं. चाळीस टक्क्यांखाली दिव्यांगत्व आलं तर सवलत जाणार, असा नियम. पत्र द्यायला मीच गेलो. मॅडम पोळ्या लाटत होत्या, दिरांचा आर्णीहून फोन आलेला, तो ओट्यावर मोठ्या आवाजात लावलेला होता. मी दारात उभा आहे हे त्यांच्या लक्षात यायच्या आधी दीर बोलून गेले होते.

“वहिनी, त्या दिवशी पोराले सकाळपासून काही देऊ नका. भुकेलाच न्या. अन् ते कानाले लावाचं घरी ठेवा. गर्दी पाह्यली की तो आपोआप दाखोते काय दाखवाचं ते. खोटं थोडंच हाय?”

मॅडमनी पिठाच्या हाताने फोनचा स्पीकर बंद केला आणि तो घेऊन आत गेल्या. पुढे त्या काय बोलल्या ते मला ऐकू आलं नाही.

तपासणीच्या दिवशी मला कुणी यवतमाळला पाठवलं नव्हतं. कोषागारात माझं एक काम होतं, ते मी त्याच दिवशी काढलं आणि सकाळच्या त्याच बसमध्ये बसलो. मॅडम पुढे होत्या, साकेत खिडकीशी, कानांवर आवाज अडवणारे निळे मोठे गोळे. मांडीवर डबा. कंडक्टर आला तेव्हा माझ्याकडे पाचशेची नोट होती.

“सुट्टे नाहीत. फोनवरून टाका.”

“मी फोनवर पैसे ठेवत नाही.”

“मंग नेरलेच उतरा काका. मी का बँक हाय?”

मॅडमनी मागे वळून पाहिलं आणि माझंही तिकीट काढलं. पंचेचाळीस रुपये. चौकशी अधिकाऱ्याचं तिकीट चौकशी असलेल्या बाईने काढणं मला अजिबात आवडलं नाही, पण बस सुटली होती.

यवतमाळ येईपर्यंत माझं लक्ष त्या डब्यावर होतं. तो उघडला गेला नाही. साकेतने दोनदा झाकणावर बोटं वाजवली, त्यांनी हात धरून बाजूला केला. दिरांचा सल्ला मला आठवला. मुलगा उपाशी आहे, हे मी मनात नोंदवून ठेवलं.

दवाखान्याच्या व्हरांड्यात बसायला जागा नव्हती. कुबड्या, चाकाच्या खुर्च्या, पाठुंगळी घेतलेली म्हातारी माणसं. भिंतीपलीकडे कुठेतरी फरशी कापायचं काम सुरू होतं. साकेत थोडा वेळ एका जागी डुलत उभा राहिला. मग ते यंत्र परत सुरू झालं आणि तो कोसळलाच. जमिनीवर लोळला, कानावरचे गोळे फेकले, मनगट दातात धरलं. लोक मागे सरकले. एकाने मोबाइल काढला. आणि नेमकं त्याच वेळी दारातल्या शिपायाने पुकारा केला, “मोहरील साकेत.”

मी पाहत होतो. मला वाटलं, हे असंच व्हायला हवं होतं, आता त्या उचलतील आणि आत नेतील.

शिपाई स्वतः पुढे आला. “मॅडम, आत्ताच्या आत्ता न्या आतमंदी. डॉक्टर पाहातीन अन् सही करतीन. शांत झाल्यावर कोन पतियाते?”

मॅडम जमिनीवर बसून त्याचं मनगट दातांतून सोडवत होत्या. “शांत झाल्यावरच नेईन,” त्या म्हणाल्या.

“नंबर जाईन तुमचा.”

“जाऊ द्या.”

“अहो, लोक मुद्दाम चिमटे काढून रडवतात इथं. तुमचा तं फुकटात—”

“म्हणूनच,” त्या म्हणाल्या. “दोन वर्षं मेहनत केलीय त्याच्यावर. रडणारा नाही दाखवायचा मला तो.”

त्यांनी त्याला काखेत धरून जवळजवळ ओढतच बाहेर कडुनिंबाखाली नेलं. मी मागून गेलो. बराच वेळ त्या त्याच्या पाठीवर हात दाबून बसल्या होत्या. मग डबा उघडला. फोडणीची पोळी होती. तो शांतपणे खाऊ लागला.

माझ्याकडे न बघताच त्या म्हणाल्या, “बसमध्ये खाल्लं तर ओकतो. तुम्ही डब्याकडे बघत होता म्हणून सांगतेय.”

नंबर गेला तो गेलाच. बाकीचे सगळे नंबर संपल्यावर, तीन वाजून गेल्यावर त्यांना आत घेतलं. शिपायाने मला दारात उभं राहू दिलं. डॉक्टर बाई तरुण होत्या, दिवसभराने दमलेल्या. साकेत नीट खुर्चीवर बसला होता. त्यांनी नाव विचारलं, त्याने तोच प्रश्न त्यांना परत दिला. त्यांनी चेंडू दाखवला, त्याने तो नाकाला लावून वास घेतला. मग तो झडती म्हणू लागला. डॉक्टर पहिल्यांदा हसल्या. दुसऱ्यांदा त्यांनी लिहायचं थांबवलं. सहाव्यांदा ‘टाकीचे ढंग’ झालं तेव्हा त्या त्याच्याकडे नुसत्या बघत होत्या.

मग त्यांनी मॅडमना प्रश्न विचारले, आणि मी कान देऊन ऐकलं, कारण लपवायचं असेल ते इथेच लपवलं जातं.

“स्वतः जेवतो?”

“हाताने जेवतो. वाढून द्यावं लागतं.”

“चप्पल?”

“घालतो. उलटी घालतो, पण घालतो.”

“काही हवं असलं तर सांगतो?”

“तहान लागली की पेला आणून देतो. मार्चपासून.”

“आधी?”

“आधी रडायचा. कशासाठी ते ओळखावं लागायचं.”

प्रत्येक उत्तराने त्यांचं स्वतःचं नुकसान होत होतं, हे त्यांना कळत असणार. आधीच्या प्रमाणपत्रात पंचाहत्तर टक्के होते. आता पासष्ट आले. चाळीसच्या वर होते, म्हणजे नेर टिकलं. मॅडमनी कागद घेतला आणि विचारलं, “दहा कुठे गेले?”

“तुम्हीच सांगितलंत ना, पेला आणतो म्हणून.”

परतीच्या बसमध्ये साकेत झोपला होता. त्या म्हणाल्या, “म्हणजे एका पेल्याचे दहा टक्के. अजून तीन पेले शिकला की मी मारेगावला.” त्या हसल्या, पण मुलाच्या डोक्याखालचा हात त्यांनी हलवला नाही.

मी परतीच्या तिकिटाआधीच सुट्टे करून घेतले होते. पंचेचाळीस रुपये पुढे केले.

“आज नको,” त्या म्हणाल्या. “हातात हा कागद आहे आणि तुम्ही मला पैसे देताय. कुणी फोटो काढला तर?”

मला ती गंमत वाटली. त्या गंमत करत नव्हत्या. समोरच्या सीटवरच्या माणसाच्या हातातल्या मोबाइलकडे बघत होत्या.

मी अहवाल दिला: वसुली निघत नाही, सवलत योग्य. साहेबांनी विचारलं, “तुमची खात्री झाली?” मी म्हटलं, मुलाबद्दल झाली. अर्ज कोणी केला, याबद्दल अजून नाही. साहेब म्हणाले, तो आपला विषय नाही. पण तो विषय तालुक्यात सगळ्यांचा होता. जानेवारीत एका प्रशिक्षणाला रुपाली मॅडम आल्या होत्या. जेवणाच्या रांगेत दोघी समोरासमोर आल्या, मी मागेच होतो.

“ताई, तो अर्ज मी नाही केला,” रुपाली म्हणाल्या.

“मी कुठे काय म्हटलं?”

“म्हटलं नाही, म्हणूनच सांगून राह्यली. माझी आई अंथरुणाला खिळली आहे आर्णीत, अन् मी मारेगावात. राग आहे मला. पण लेकराचं नाव नाही घेणार.”

“बरं,” मॅडम म्हणाल्या. दोघींनी ताटं घेतली आणि वेगवेगळ्या खोल्यांत जाऊन जेवल्या. मॅडमचा रुपालीवरचा संशय गेला की नाही, मला सांगता येणार नाही. माझा गेला नाही. कधी आमिरचा रिसेट मारलेला फोन आठवे, तर कधी वाटे की फेब्रुवारीचे तीनशे कार्यालयातल्या माझ्याच खोलीतल्या चौघांना पाठ आहेत.

रविवारच्या ओसरीवर मात्र मॅडमनी सगळं जसं घडलं तसं सांगितलं. मी त्या दिवशी शाळेच्या पोषण आहाराचा हिशेब बघायला गेलो होतो. तांड्यावरून येणारी सोनीबाई, जिची मुलगी बोलत नाही, ती म्हणाली, “मंग मॅडम, पोराईले शिकवाचं का नाही शिकवाचं? शिकलं की टक्के जाते.”

“शिकवायचं,” मॅडम म्हणाल्या. “आणि डॉक्टरला सगळं खरं सांगायचं.”

“अन् टक्के गेले तं?”

“तर जाऊन भांडायचं. रडणारं पोर पुढे करून नाही. आपण भांडायचं.”

“तुमाले पगार हाय, तुमी भांडसान,” सोनीबाई म्हणाली. पुढच्या महिन्यात सोनीबाईच्या मुलीच्या तपासणीला मॅडम रजा टाकून सोबत गेल्या, एवढं मला त्यांच्या रजेच्या अर्जावरून कळलं.

यंदाच्या तान्ह्या पोळ्याला साकेत पुन्हा मंचावर गेला. या वेळी मॅडमनी आधी माइक घेतला आणि सांगितलं, ज्यांना काढायचा त्यांनी व्हिडीओ काढा, पण मधे बंद करू नका, आणि पोराच्या हातून माइक कुणी ओढू नका. झडती सुरू झाली. पाचव्या वेळेला मागचे लोक उठू लागले. काही आया आपल्या मुलांना घेऊन तिथेच थांबल्या. शेवटी साकेत आपणहून खाली बसला आणि फेटा सोडून त्याचा कपडा हुंगत राहिला. आमिरने पूर्ण चित्रण केलं. मॅडमनी ते न कापता ग्रुपवर टाकलं. सोबत लिहिलं: ‘हा आमचा साकेत. एवढा सगळा.’

१ सप्टेंबर २०२५ रोजी दुसरा अर्ज आला. पुन्हा बिननावाचा. सदर शिक्षिका दिव्यांग मुलाचे सार्वजनिक प्रदर्शन मांडून त्याचा छळ करतात, अशी तक्रार होती. अक्षर वेगळं होतं, पण अक्षर वेगळं काढता येतं. चौकशी या वेळी महिला व बालविकास विभागाकडे गेली आहे. मी जानेवारीअखेर निवृत्त होतोय, तोवर तिचा निकाल लागेल असं दिसत नाही.

मागच्या आठवड्यात पगारपत्रकाच्या सहीसाठी मॅडम आल्या, तेव्हा मी पुन्हा तिकिटाचे पैसे काढले. त्यांनी टेबलाभोवती बसलेल्यांकडे एकदा बघितलं.

“नवा अर्ज निकाली निघू द्या,” त्या म्हणाल्या आणि सही करून गेल्या.

मोहरील मॅडमचे बसच्या तिकिटाचे पंचेचाळीस रुपये माझ्याकडून देणे बाकी आहेत.